कावीळ, पंगत आणि अशक्त माणूस

गेल्या मार्गशीर्षात आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येचा विवाह बालाघाटी पार पडला. बंधूंचे मूत्रपिंड-प्रत्यारोपण होऊन सहा वर्षे झाली आहेत. भावजयीने दिलेल्या मूत्रपिंडावर त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला. हे दुसऱ्याचे इंद्रिय शरीराने नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती मुद्दाम मंद ठेवणारी औषधे त्यांना आयुष्यभर घ्यावयाची आहेत. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांस बजावले होते की, लग्नघरातील मठ्ठा, कोशिंबीर, कच्ची चटणी, बर्फ आणि न उकळलेले पाणी यांस स्पर्शही करू नये. ही यादी आम्ही घरात वाचून दाखविली, तेव्हा आमच्या वयोवृद्ध आत्याबाई म्हणाल्या, "यजमानालाच जे चालत नाही, ते पाहुण्यांना कसे वाढता?"

प्रश्न रागाने विचारला होता, परंतु त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. राज्य शासनाच्या सेवेत आमची तीन तपे गेली, त्या काळात पाण्याच्या तक्रारींच्या फायली आमच्या मेजावरून कितीतरी गेल्या. तरीही अन्नपाण्यातून येणारी कावीळ एकास सोडते आणि दुसऱ्यास का धरते, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. त्या उत्तराच्या शोधात आम्ही या रोगाच्या इतिहासात शिरलो. जे हाती लागले ते सभासद-वाचकांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भोसल्यांच्या अमदानीत आणि पुढे मध्यप्रांताच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने वैनगंगेच्या खोऱ्यात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांत कावीळ हा 'उतरविण्याचा' आजार मानला जाई. जाणता माणूस काड्यांच्या तुकड्यांची माळ गळ्यात घाली. ती दिवसागणिक लांबत जाऊन बेंबीपर्यंत पोहोचली की कावीळ उतरली असे समजत. कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावी आणि पिवळे झालेले पाणी दाखवी. माळ लांबते याचे कारण साधे आहे. ओल्या काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याचे वेढे सैल पडतात आणि माळ खाली येते. रोगी मात्र खरोखरच बरा होत असे, कारण अन्नपाण्यातून येणारी कावीळ बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. अशा रीतीने माळेची कीर्ती अबाधित राहिली. जो बरा झाला नाही त्याचा हिशेब कोणी माळेच्या नावे मांडला नाही, तो नशिबाच्या खाती गेला.

असाच एक हिशेब आमच्या कुटुंबातही आहे. १९८६ च्या उन्हाळ्यात एका खेड्यातील लग्नानंतर दोन महिन्यांच्या आत आमच्या नात्यातील तिघांना कावीळ झाली. दोघे पुरुष महिन्याभरात कामाला लागले. तिसरी आमची चुलत वहिनी होती. तिला आठवा महिना होता. आठवड्याच्या आत तिची शुद्ध हरपली आणि ती पोटातल्या जिवासह गेली. तिघांच्याही गळ्यात एकाच माणसाने दिलेली माळ होती. घरात 'तिची पत्रिकाच तशी होती' असे म्हटले गेले, आणि आम्हीही पदवीधर असून त्यावर काही बोललो नाही.

या घटनेचे शास्त्रीय स्पष्टीकरण समजून घ्यायचे तर तीस वर्षे मागे, दिल्लीस जावे लागते. ऑक्टोबर १९५५ मध्ये यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरताना नदीने पात्र बदलले. शहराची घाण वाहून नेणारा नजफगढ नाला वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणाखाली नदीस मिळत असे. त्याचे पाणी आता उलट दिशेने सरकून त्या ठिकाणी शिरले. अधिकाऱ्यांच्या हे लक्षात आले. त्यांनी तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढविली, आणि विषमज्वर किंवा अतिसाराची साथ आली नाही. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत सुमारे २९,००० लोक पिवळे पडले. डॉ. आर. विश्वनाथन यांनी या साथीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही जगभर आधार मानला जातो. क्लोरीनने जिवाणू मेले होते, विषाणू मात्र तगून राहिला होता. याच साथीत गरोदर स्त्रियांना हा रोग अधिक घातक ठरतो असेही नोंदले गेले.

येथे आमची एक कबुली नोंदवणे आवश्यक वाटते. आमच्या सेवेच्या पूर्वार्धात एका तहसिलीच्या गावी कावीळ पसरल्याची तक्रार आली होती. पाण्याचा नमुना तपासून 'पिण्यास योग्य' असा अहवाल आला आणि तो आम्ही स्वतःच्या सहीने पुढे पाठवून फाईल बंद केली. ती तपासणी जिवाणूंची होती. दिल्लीचा धडा तोवर पाव शतकाहून जुना झाला होता, पण आम्हांस तो ठाऊक नव्हता.

दिल्लीच्या साथीचा विषाणू कोणता, हे त्या काळी कळण्याचा मार्ग नव्हता. अन्नपाण्यातून पसरणारी ती 'ए' प्रकारची कावीळ, असे धरून चालत. 'ए' चा विषाणू १९७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि त्याची रक्ततपासणी उपलब्ध झाली, तेव्हा या समजुतीची परीक्षा घेता आली. त्या परीक्षेत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५२ साली पुण्यात स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. डॉ. खोर्शेद पावरी यांच्या काळात तेथील संशोधकांनी अमेरिकेतील रॉबर्ट पर्सेल यांच्या सहकार्याने भारतातील साथींमधील रक्तद्रव तपासले. त्यांत दिल्लीच्या त्या जुन्या साथीत राखून ठेवलेले नमुनेही होते. निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला: ही कावीळ 'ए' ची नव्हती आणि 'बी' चीही नव्हती. आपल्या देशात 'ए' ची बाधा बहुधा बालपणीच होऊन जाते व प्रतिकारशक्ती मागे ठेवते. प्रौढांच्या या साथींमागे आणखी एक, निनावी विषाणू असला पाहिजे.

त्याच वर्षी काश्मीरमधून दुसरा पुरावा आला. १९७८ च्या हिवाळ्यात गुलमर्ग ते सोपोर या टापूतील सुमारे दोनशे गावांत कावीळ पसरली होती. श्रीनगरचे तरुण वैद्य डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी घरोघर पाहणी केली. पुढील वर्षी त्यांनी गरोदर स्त्रियांविषयीचे आकडे स्वतंत्रपणे मांडले. पाहणीतील गरोदर स्त्रियांपैकी शेकडा १७ जणींना कावीळ झाली होती, गरोदर नसलेल्यांत हे प्रमाण शेकडा २ होते. बाधित गरोदर स्त्रियांपैकी शेकडा २२ जणींचे यकृत अकस्मात निकामी झाले. हे वाचताना आम्ही काही वेळ पुस्तक मिटून बसलो. आमची वहिनी गेली त्याच्या पाच वर्षे आधी हे छापून आले होते. तो पत्रिकेचा दोष नव्हता.

विषाणू प्रत्यक्ष पाहण्याचे श्रेय मात्र एका विलक्षण धाडसाकडे जाते. अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैनिकांत कावीळ पसरली होती. मॉस्कोचे शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी अशा नऊ रुग्णांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः प्राशन केला. 'ए' ची बाधा त्यांना पूर्वी होऊन गेलेली होती, तेव्हा ती पुन्हा होण्याचा संभव नव्हता. ३६ व्या दिवशी त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्या विष्ठेत सूक्ष्म गोल कण दिसले. हा वृत्तान्त १९८३ साली प्रसिद्ध झाला. १९९० साली अमेरिकेत त्याचा जनुकीय आराखडा हाती आला आणि या रोगास 'हिपॅटायटिस ई' हे नाव मिळाले.

येथवरचा इतिहास पाण्याचा आहे. यापुढे तो ताटाकडे वळतो. १९९७ साली शिआंग-जिन मेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डुकरांत याच कुळातला विषाणू शोधला. २००३ साली जपानमधून वृत्त आले की, हरणाचे कच्चे मांस खाल्लेल्या काही जणांना सहा-सात आठवड्यांनी कावीळ झाली. उरलेले मांस गोठवून ठेवलेले होते, त्यातला विषाणू रुग्णांच्या रक्तातल्या विषाणूशी जुळला. फ्रान्सच्या कोर्सिका बेटात डुकराच्या यकृतापासून केलेले एक पारंपरिक पक्वान्न न शिजविता खाल्ल्याने हीच बाधा झाल्याचे २०१० साली दिसून आले. श्रीमंत देशांनी घाणेरड्या पाण्याचा म्हणून दूर ठेवलेला रोग त्यांच्याच स्वच्छ स्वयंपाकघरांतून बाहेर पडला.

तेथेही धडधाकट माणसांना तो बहुधा जाणवतही नसे. तो उघडकीस आला अशक्तांमुळे. तुलूझ येथील नासिम कामार यांनी २००८ साली प्रत्यारोपण झालेल्या १४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना 'ई' ची बाधा झाली होती, आणि त्यांपैकी आठ जणांच्या शरीरातून विषाणू गेलाच नाही. तोवर 'ई' ची कावीळ जुनाट होत नाही हा वैद्यकातला पाठ होता. प्रतिकारशक्ती दडपलेल्या शरीरात मात्र विषाणू महिनोन् महिने ठाण मांडतो. डोळे पिवळे होतातच असे नाही. थकवा जाणवतो आणि तपासणीत यकृताचे आकडे थोडे चढलेले दिसतात, त्यामुळे दोष औषधांवर जातो. दरम्यान काहींचे यकृत दोन-तीन वर्षांत कठीण होऊन निकामी होण्याच्या वाटेला लागते. नेहमीची प्रतिपिंडांची तपासणीही येथे फसवू शकते, कारण ज्या शरीराची प्रतिकारशक्ती निजविली आहे ते प्रतिपिंडे तयार करीलच कसे? अशा रुग्णांत विषाणूचा जनुकीय अंशच रक्तात शोधावा लागतो. उपाय आहेत. डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची मात्रा कमी केली तर सुमारे एक-तृतीयांश रुग्ण विषाणूमुक्त होतात. इतरांसाठी रिबाव्हिरीन हे औषध आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ५९ रुग्णांच्या अभ्यासात शेकडा ७८ जण त्याने बरे झाले. गरोदर स्त्रियांना मात्र हे औषध देता येत नाही.

मग आपल्याकडे काय स्थिती आहे? हा प्रश्न पुण्याच्या त्याच संस्थेतील डॉ. विद्या अरणकल्ले यांनी आपल्या संशोधनाचा विषय केला. त्यांच्या चमूने २००२ साली दाखवून दिले की, पश्चिम भारतात माणसांतला विषाणू आणि डुकरांतला विषाणू भिन्न जनुकीय प्रकारांचे आहेत. माणसांत पहिला प्रकार आढळतो, डुकरांत चौथा. म्हणजे येथील साथींचा दोष कोणत्याही समाजाच्या मांसाहारावर टाकता येत नाही. तो सांडपाण्याचा आहे. १९८१ ची कोल्हापूरची साथ पाण्याची होती. २०१२ साली पंचगंगेच्या काठच्या इचलकरंजीत हजारो लोकांना कावीळ झाली आणि काही प्राणांस मुकले, तीही पाण्याचीच होती.

या दोन प्रकारांची वागणूक पाहून मन थक्क होते. युरोपात आढळणारा प्रकार प्रत्यारोपण झालेल्यांच्या शरीरात मुक्काम करतो, पण गरोदर स्त्रियांना सहसा तसा घातक ठरत नाही. आपल्याकडचा पहिला प्रकार सहसा मुक्काम करीत नाही, पण गरोदर स्त्रियांचा व आधीच यकृत दुबळे असलेल्यांचा घात करतो. गर्भ हा आईच्या शरीरास अर्धा परकाच असतो. तो नाकारला जाऊ नये म्हणून निसर्ग तिची प्रतिकारशक्ती नऊ महिने वेगळ्या रीतीने सांभाळतो. रोगाच्या तीव्रतेचे हे एकच कारण नाही असे संशोधक मानतात, आणि कोडे पूर्ण सुटलेले नाही. तरी आमची वहिनी आणि आमचे बंधू यांच्यात हे साम्य आम्हांस दिसल्यावाचून राहिले नाही. दोघांनीही दुसरा जीव किंवा दुसऱ्याचे इंद्रिय आपल्या देहात सांभाळले, आणि त्यासाठी देहाला आपले शस्त्र थोडे खाली ठेवावे लागले.

'आपला प्रकार मुक्काम करीत नाही' या वाक्याने बंधूंसारख्यांनी निर्धास्त व्हावे असे मात्र नाही. अशा रुग्णास पहिला तडाखाच जड जाऊ शकतो. शिवाय अन्नातून येणारी 'ए' ची कावीळ आहेच. १९८८ साली शांघायमध्ये नीट न शिजविलेल्या शिंपल्यांतून सुमारे तीन लाख लोकांना ती झाली होती. आपल्या घरांतून आता मुले स्वच्छ पाण्यावर वाढतात, त्यांना ती बालपणी होऊन जात नाही आणि मोठेपणी जोराने येते. 'ए' ची लस मिळते, पण तिच्या दोन जाती आहेत. प्रतिकारशक्ती दडपलेल्यांनी जिवंत विषाणूची लस टाळून मृत विषाणूची घ्यावयाची असते. ती कधी घ्यावी हे डॉक्टरांनाच विचारावे. 'ई' विरुद्धच्या लशीस चीनने २०११ साली मान्यता दिली. साथ आवरण्यासाठी तिचा पहिला वापर २०२२ साली दक्षिण सुदानमधील बेंटिऊच्या निर्वासित छावणीत झाला.

आपल्या पंगतीत विषाणू शिरतो तो कोठून? वरण, भात, पुरणपोळी, वडे यांतून नाही, कारण ते चुलीवरून येतात. तो शिरतो मागाहून मिसळलेल्या पाण्यातून. मठ्ठ्यात घातलेले पाणी, सरबतातला बर्फ, कोशिंबिरीची काकडी धुतलेले पाणी, आपल्याकडे ज्यास सांबार म्हणतात त्या कोथिंबिरीच्या चटणीतले पाणी, आणि हल्ली प्रत्येक स्वागत-समारंभात हजर असणाऱ्या गुपचूपचे पाणी. वाढणाऱ्याचे हातही विसरू नयेत. आणि रोग दिसण्यास दोन ते आठ आठवडे लागत असल्याने पंगत आणि कावीळ यांचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही. तोवर आहेराच्या याद्याही मिटलेल्या असतात.

हे सर्व वाचून झाल्यावर आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले: जे यजमानास चालत नाही, ते पाहुण्यांना वाढूच नये. बंधूंसाठी घरून डबा आणावा असा आमचा पहिला बेत होता. पण पाहुण्यांत कोणाची सून गरोदर आहे, कोण कर्करोगाची औषधे घेत आहे, कोणाचे यकृत आधीच खराब आहे, हे आम्हांस कोण सांगणार? पुष्कळदा त्या माणसालाही ते ठाऊक नसते. दिल्लीत, काश्मिरात, तुलूझमध्ये हेच घडले. बळकट माणसे बरी होत राहिली म्हणून रोग कोणास दिसला नाही, आणि तो दाखविण्याची किंमत अशक्तांनी दिली.

आम्ही आचाऱ्याशी बोललो. तो प्रथम हसला, मग म्हणाला, "बाबूजी, इतके पाणी उकळायचे तर सिलिंडर जास्त लागतील." ते आम्ही दिले. आदल्या रात्री पिण्याचे व मठ्ठ्याचे सारे पाणी खळखळ उकळून, झाकून निवत ठेवले. बर्फ वर्ज्य केला, गुपचूपचा ठेला रद्द केला. कोशिंबिरीऐवजी शिजविलेल्या भोपळ्याचे भरीत केले. वाढपी मुलांसाठी शौचालयापाशी आणि स्वयंपाकाच्या मांडवाच्या तोंडाशी साबण ठेवला व एक पुतण्या तेथे उभा केला. तरुण मंडळींनी गुपचूपबद्दल कुरकुर केली, आणि ती आम्ही ऐकून घेतली.

कन्यादान आटोपल्यावर शेवटच्या पंगतीत बंधू बसले. त्यांच्या शेजारी आत्याबाई होत्या. दोघांच्या पानांत एकच पदार्थ होते. आत्याबाईंनी दोन वाट्या मठ्ठा घेतला आणि 'आले थोडे कमी पडले' असा शेरा मारला.

यातून काही सिद्ध झाले असा आमचा दावा नाही. माघ सरेपर्यंत आम्ही मनात दिवस मोजीत होतो. फाल्गुन लागला तेव्हा बंधूंच्या यकृताच्या तपासणीचा कागद आला. आकडे जागच्या जागी होते. आम्ही तो कागद देवापुढे ठेवला आणि मग, पुष्कळ वर्षांनी, आमच्या चुलत वहिनीचे नाव घरात मोठ्याने घेतले.